संघ ‘आणणे’ : एका क्रियापदाविरुद्ध

मध्यम आकाराच्या एखाद्या शहराला मोठे होण्याची घाई झाली की तेथे एक वाक्य ऐकू येऊ लागते : ‘आपल्या शहरात व्यावसायिक फुटबॉल संघ आणू या.’ कॅनडातील हॅलिफॅक्स, सॅस्कटून, विनिपेग ह्या शहरांत गेल्या दहाएक वर्षांत हे वाक्य नगरपरिषदेच्या सभांत, गुंतवणूकदारांच्या सादरीकरणांत आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर नाना रूपांनी वावरले. (तेथे ह्या खेळाला सॉकर म्हणतात, ‘फुटबॉल’ हा शब्द त्यांनी अंडाकृती चेंडूच्या दुसऱ्याच एका खेळाला देऊन टाकला आहे. आम्ही मराठी वहिवाटीप्रमाणे फुटबॉलच म्हणू.) ह्या वाक्यातल्या संघाशी आमचे भांडण नाही, खेळाशी तर नाहीच नाही. आमचे भांडण त्यातल्या क्रियापदाशी आहे.

साहित्य आणि समीक्षेच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की सार्वजनिक पैसा आधी शब्दांनी मागितला जातो, आकडे मागाहून येतात. ‘जागतिक दर्जाचे शहर’, ‘नव्या पिढीचे स्वप्न’, ‘नकाशावर येणे’ ही सगळी भाषा आहे, आणि भाषा वाचणे हे आमचे काम आहे. कवितेतील एका विशेषणावर तासभर बोलणारे आपण लोक नगरपरिषदेच्या ठरावातील क्रियापदापाशी मात्र मुके होतो. हे मौन सभ्यतेचे नाही, आळसाचे आहे.

आता ते वाक्य व्याकरणाने तपासू. ‘आणणे’ ह्या क्रियेचा कर्ता कोण? गुंतवणूकदार, किंवा लीग. कर्म कोणते? संघ. आणि शहर? ते ‘शहरात’ ह्या रूपाने सप्तमीत, म्हणजे अधिकरणात बसलेले. ज्याच्या नावाने सारे चालले आहे ते शहर वाक्यात केवळ जागा पुरवते. नागरिक तर वाक्यात कोठेच नाही. ‘आणू या’ ह्या आर्जवी प्रथमपुरुषी रूपात तो असल्याचा भास होतो इतकेच. पत्रक वाचणाऱ्याला वाटते की आपणही आणणाऱ्यांपैकी आहोत. प्रत्यक्षात संघ कोणाच्या मालकीचा असावा, तो कोठे खेळावा आणि केव्हा बंद व्हावा, ह्यांपैकी एकाही प्रश्नावर त्याला मत देता येत नाही. त्याला तिकीट घेता येते.

शिवाय जे आणता येते ते नेताही येते. आपण गणपती आणतो तेव्हा विसर्जनाची तिथी आपल्याला ठाऊक असते, आणि ती ठाऊक असते म्हणूनच तो निरोप शोभतो. संघ आणणाऱ्यांच्या पत्रकात ती तिथी छापलेली नसते. ती नंतर, एखाद्या नोव्हेंबरात, पत्रकार परिषदेत कळते.

हॅलिफॅक्सचेच उदाहरण घ्या. अटलांटिक किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताची ही राजधानी. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४ लाख ४० हजार. ह्या शहराचा अलीकडचा क्रीडा-इतिहास म्हणजे न बांधलेल्या वास्तूंचा इतिहास आहे. १९८२ साली कॅनेडियन फुटबॉल लीगने, म्हणजे अंडाकृती चेंडूवाल्यांनी, तेथे अटीवर एक संघ मंजूर केला. ‘अटलांटिक स्कूनर्स’ असे समुद्राला साजेसे नावही त्याला मिळाले. अट मैदानाची होती. मैदानासाठी पैसा उभा राहिला नाही आणि संघ एकही सामना न खेळता विरून गेला. पुढे २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी शहराने दावा केला. खर्चाचे अंदाज फुगत गेले तेव्हा मार्च २००७ मध्ये माघार घेतली. २०१८ मध्ये ‘स्कूनर्स’ हे नाव पुन्हा बाहेर काढण्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये नगरपरिषदेने मैदानासाठी २ कोटी डॉलरपर्यंत साहाय्य देण्याची सशर्त तयारी दाखवली. नंतर महासाथ आली आणि तेही राहिले. नाव आहे, चिन्ह आहे, टोप्या आहेत; संघ नाही. अनुपस्थित नायकाची अशी कथा कादंबरीकाराला सुचली असती तर आम्ही तिला रूपकात्मक म्हटले असते.

ह्याच शहरात, ह्याच काळात, एक फुटबॉल संघ मात्र उभा राहिला. त्याची रीत निराळी होती, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

हॅलिफॅक्सच्या मध्यभागी, टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी, ‘वाँडरर्स ग्राउंड्स’ नावाचे मैदान आहे. ते मूळच्या ‘हॅलिफॅक्स कॉमन’चा भाग. कॉमन म्हणजे शहरवासीयांच्या सामायिक वापराची जमीन. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, गायरान. १७६३ च्या सनदेने ही जमीन हॅलिफॅक्सच्या रहिवाशांना कायमच्या सामायिक वापरासाठी मिळाली. १८८२ साली स्थापन झालेला वाँडरर्स हा हौशी क्रीडामंडळींचा क्लब पुढे तेथे खेळू लागला, आणि मैदानाला त्याचेच नाव पडले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने तेथे तात्पुरते, उचलून नेता येईल असे, सुमारे सहा हजार आसनांचे प्रेक्षागार उभारू देण्यास मान्यता दिली. उभारणीचा भार मुख्यतः संघाच्या चालकांनी उचलला. जमीन शहराचीच राहिली. नव्या संघाने जुन्या क्लबचे नाव घेतले, आणि चाहत्यांच्या एका मंडळाने आपल्या नावातच १८८२ हे साल गुंफले. कॅनेडियन प्रीमियर लीगचा पहिला हंगाम २०१९ मध्ये सुरू झाला. ४ मे रोजी वाँडरर्सने आपला पहिला घरचा सामना हॅमिल्टनच्या ‘फोर्ज’विरुद्ध २–१ असा जिंकला. त्या हंगामात मैदान सामन्यागणिक जवळजवळ भरलेले असे.

येथे कोणीतरी काहीतरी ‘आणले’ हे खरे. लीगचा परवाना आला, प्रशिक्षक आले, त्रिनिदादपासून जर्मनीपर्यंतचे खेळाडू आले. परंतु मैदान आधीच होते, नाव आधीच होते, आणि आठवड्याच्या शेवटी मुलांना सरावाला नेणारी हजारो कुटुंबेही आधीच होती. कॅनडात नोंदणी करून खेळणाऱ्यांची संख्या मोजली तर फुटबॉल अगदी वरच्या रांगेत येतो, हे वर्षानुवर्षे खरे आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या बर्फावरच्या हॉकीमुळे ते दिसत नव्हते. आणलेली गोष्ट आधी असलेल्या गोष्टीवर बसली, म्हणून ती टिकली. ‘रुजणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. कोणी कोणाला रुजू शकत नाही. फार तर जमीन तयार ठेवता येते.

आता सॅस्कटून पाहा. प्रेअरीच्या सपाट प्रदेशातले हे २ लाख ६६ हजार वस्तीचे शहर. तेथे ‘मार्किस डाउन्स’ हे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान १९६९ पासून होते. २०२१ मध्ये ते चालवणाऱ्या संस्थेने शर्यती कायमच्या बंद करत असल्याचे जाहीर केले. त्या जागी फुटबॉलचे मैदान उभे राहणार होते, लीगचा संघ येणार होता, गुंतवणूकदारांचा गट ठरला होता. घोड्यांचे मालक, त्यांना शिकवणारे, तबेल्यात राबणारे ह्यांचे ऋतुचक्र थांबले. पुढे फुटबॉलची ती योजना बारगळली. शर्यती गेल्या आणि संघही आला नाही.

आम्ही घोड्यांच्या शर्यतींचे भक्त नाही. जुगाराचा व्यवहार त्यांच्याशी किती जोडलेला आहे हे आम्हांस ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की ‘आणणे’ ह्या क्रियापदाच्या आड ‘हटवणे’ हे दुसरे क्रियापद दडून बसते. आणण्याची क्रिया भविष्यकाळात असते, हटवण्याची वर्तमानकाळात. एका क्रियेचे वचन मिळते, दुसरीचा अनुभव येतो. प्रत्येक पत्रक वाचताना काळांचा हा भेद पाहिला तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

येथवर आमचा युक्तिवाद फार सोयीचा चालला आहे, अशी शंका चाणाक्ष वाचकांना येईल. हॅलिफॅक्समध्ये इतिहास होता म्हणून संघ टिकला, सॅस्कटूनमध्ये घाई होती म्हणून फसले, किती सुबक! म्हणून आता आमच्या विरुद्ध जाणारे उदाहरण घेतो.

विनिपेगच्या संघाचे नाव होते ‘व्हॅलर’. त्या शहरात पाइन स्ट्रीट नावाच्या एकाच रस्त्यावर कधी ना कधी राहिलेल्या तिघा सैनिकांना पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९२५ मध्ये रस्त्याचे नाव ‘व्हॅलर रोड’, शौर्यपथ, असे झाले. संघाने ते नाव घेतले. म्हणजे नाव खोल रुजलेले. मालक कोणी परका धनिक नव्हता. शहराचा अंडाकृती फुटबॉलचा जुना, लोकप्रिय आणि ना-नफा तत्त्वावर चालणारा क्लबच ह्या संघाचा मालक. मैदानही तयार : २०१३ मध्ये उघडलेले, तीस हजारांहून अधिक आसनांचे. आमच्या साऱ्या अटी पुऱ्या! तरीही सात हंगाम खेळून नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅलरचे काम थांबवण्यात आले.

ह्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. एक म्हणजे, नावाची आमची भक्ती थोडी आवरती घेतली पाहिजे. साहित्याच्या लोकांना नाव सापडले की अर्थ सापडल्यासारखे वाटते. रस्त्याच्या नावाने मैदान भरत नाही. दुसरे, मैदान ‘असणे’ आणि मैदान ‘आपले असणे’ ह्यांत फरक आहे. तीस हजारांच्या प्रेक्षागारात तीन-चार हजार माणसे बसली की ती गर्दी वाटत नाही, उपस्थिती वाटते. हॅलिफॅक्समध्ये सहा हजारांनी जे वातावरण होते ते विनिपेगमध्ये सहा हजारांनीही झाले नसते. तिसरे, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटणारे : मालक ना-नफा असला तरी ह्या संघाचा चाहता त्याचा मालक नव्हता. व्हॅलर त्या घरातला धाकटा, दुसऱ्या खेळाचा मुलगा होता. घराची ओढाताण झाली तेव्हा निर्णय कोणाविषयी होणार हे उघड होते, आणि त्या निर्णयात सात वर्षे गॅलरीत ओरडणाऱ्यांना आवाज नव्हता.

ह्याच व्हॅलरच्या वाट्याला २०२३ च्या एप्रिलात एक पराभव आला होता. कॅनेडियन चँपियनशिप ह्या खुल्या स्पर्धेत ब्रिटिश कोलंबियातील ‘टीएसएस रोव्हर्स’ ह्या अर्धव्यावसायिक संघाने त्यांना ३–१ असे हरवले. खालच्या पातळीवरच्या संघाने प्रीमियर लीगच्या संघाला त्या स्पर्धेतून बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. रोव्हर्सची मालकी अंशतः त्यांच्या चाहत्यांकडे आहे. लोकांनी समभाग विकत घेऊन ती मिळवली आहे. एका सामन्यावरून सिद्धान्त मांडू नये हे आम्ही जाणतो. पण मालकीचा हा दुसरा प्रकार कॅनडात शक्य आहे, एवढे तरी त्याने सिद्ध होते. रोव्हर्सला कोणी ‘आणले’ नव्हते.

ओटावा आणि एडमंटन ह्यांच्याविषयी थोडक्यात. ओटावाचा ‘फ्युरी’ हा संघ अमेरिकी लीगमध्ये खेळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्या लीगमध्ये खेळत राहण्याची परवानगी खंडीय संघटनेकडून मिळेना तेव्हा, त्याने काम बंद केले. तीनच महिन्यांनी स्पेनच्या अत्लेतिको माद्रिदने त्याच शहरात नवा संघ जाहीर केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो भर हिमवर्षावात देशाचा विजेता झाला. ही कथा सुखान्त आहे, पण तिचे सूत्र माद्रिदच्या हातात आहे. एडमंटनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात लीगने मालकांचे अधिकार काढून घेतले आणि संघ संपला. दोन्ही ठिकाणी निर्णय शहराबाहेर झाला.

आता आमच्या विरोधकांकडे वळू. ते दोन तऱ्हेचे आहेत आणि दोघांनाही आमचे म्हणणे पटणार नाही.

पहिले, अर्थशास्त्री. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट ह्यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथापासून आजपर्यंत अभ्यासकांचा कल जवळजवळ एकमुखी आहे : सार्वजनिक पैशाने बांधलेली मैदाने शहराला त्या पैशाच्या मानाने समृद्ध करत नाहीत. कारण साधे आहे. सामन्याच्या तिकिटावर खर्च झालेला डॉलर बहुधा त्याच शहरातल्या चित्रपटगृहातून किंवा खाणावळीतून वळलेला असतो. तो नवा नसतो. हे आम्ही बिनशर्त मान्य करतो. ‘संघ आला की व्यापार वाढेल’ हे पत्रकातले वाक्य खोटे आहे.

पण अर्थशास्त्री ह्यावरून ‘म्हणून काहीच करू नका’ असे म्हणतात तेव्हा आम्ही थांबतो. हॅलिफॅक्सने आपले मध्यवर्ती ग्रंथालय २०१४ मध्ये मोठ्या खर्चाने बांधले; ते किती डॉलर परत करील असे विचारणारा मनुष्य ग्रंथालयात कधी गेलेला नसतो. काही गोष्टी शहर नफ्यासाठी करत नाही. अनोळखी माणसे शेजारी बसावीत, एका वेळी एका गोष्टीसाठी उठून उभी राहावीत, हीदेखील शहराची गरज आहे. हॅलिफॅक्समध्ये गेल्या काही वर्षांत जगभरातून माणसे राहावयास आली. फुटबॉल ही त्यांच्यातल्या पुष्कळांची आधीपासूनची भाषा आहे. नाटकगृहाला आपण जे समर्थन देतो तेच मैदानालाही देता येईल.

मात्र मग अटीही ग्रंथालयाच्याच लागू कराव्यात. ग्रंथालयाची इमारत ग्रंथपालाच्या मालकीची नसते. ते आठवड्यातून एक दिवस तिकीट काढणाऱ्यांपुरते उघडत नाही. त्याचा हिशेब मागता येतो. ‘आम्ही ग्रंथालयासारखे सार्वजनिक आहोत’ असे पैसा मागताना म्हणायचे आणि हिशेब मागितला की ‘आम्ही खाजगी कंपनी आहोत’ म्हणायचे, ही दुटप्पी भाषा आहे. गायरानाचे रक्षण करू पाहणारे हॅलिफॅक्सचे नागरिक हेच सांगत आले. त्या सामायिक जमिनीवर गेल्या अडीच शतकांत रुग्णालये आली, शाळा आली, रस्ते आणि वाहनतळ आले. प्रत्येक वेळी कारण लोकहिताचेच होते आणि प्रत्येक वेळी मोकळी जमीन थोडी कमी झाली. ‘तात्पुरते’ ह्या विशेषणाची त्यांना धास्ती वाटते, ती वाजवी आहे. कोणतेही विशेषण नामात मुरायला वेळ लागत नाही.

दुसरे विरोधक लीगवाले. त्यांचे म्हणणे असे : तुम्ही शब्दांशी खेळा, आम्हांला पगार द्यायचे असतात. गुंतवणूकदाराला सुरक्षितता नसेल तर तो येणार नाही, आणि तो आला नाही तर कॅनडातल्या मुलाला आपल्या देशात व्यावसायिक म्हणून खेळायला जागा राहणार नाही. ह्यात तथ्य आहे. ह्या लीगच्या नियमानुसार सुरुवातीच्या अकरांत किमान सहा कॅनेडियन खेळाडू असावे लागतात. विद्यापीठांतून खेळाडू निवडण्याची रीतसर व्यवस्था आहे. ह्या लीगमधून वर गेलेला जोएल वॉटरमन २०२२ च्या विश्वचषकासाठी देशाच्या चमूत होता. हे श्रेय आम्ही नाकारत नाही.

पण ती सुरक्षितता कोणाच्या खर्चाने मिळाली? २०१८ मध्ये देशाच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघांच्या प्रायोजकत्वाचे आणि प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीस दिले. तिची मालकी ह्या नव्या लीगच्या संघमालकांकडे. संघटनेला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळणार, वरचा वाढावा कंपनीचा. पुढे पुरुष संघ ३६ वर्षांनी विश्वचषकाला पात्र ठरला, महिला संघाने टोकियोत सुवर्णपदक मिळवले, आणि वाढलेल्या किमतीचा लाभ संघटनेच्या तिजोरीत त्या प्रमाणात पोहोचला नाही. जून २०२२ मध्ये पुरुष खेळाडूंनी व्हँकुव्हरमध्ये पनामाविरुद्धचा सामना खेळण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला खेळाडूंनी संप पुकारला आणि कायदेशीर कारवाईच्या धाकाने त्यांना मैदानात परतावे लागले. ह्या असंतोषाची कारणे अनेक होती. हा करार त्यांतील एक प्रमुख कारण होता. ज्या महिलांनी देशाला सुवर्णपदक दिले, त्यांना स्वतःच्या देशात व्यावसायिक लीग तोवर नव्हती. ती एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. मध्यम शहरांत पुरुषांचे संघ ‘आणण्या’च्या खर्चाचा एक वाटा असा न विचारता कोणाकडून तरी वसूल झाला होता.

बंदिस्त लीगचे तर्कशास्त्रच असे आहे. युरोपात गावातला संघ जिंकत जिंकत वरच्या वर्गात जातो. उत्तर अमेरिकेत वर्ग जिंकून बदलत नाही, प्रवेशशुल्काने मिळतो. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये टोरांटोला प्रवेश मिळाला तो १ कोटी डॉलरला, २००७ च्या हंगामासाठी. सान दिएगोने २०२३ मध्ये ५० कोटी डॉलर मोजले. कॅनडाची लीग तुलनेने गरीब आहे, पण दार त्याच जातीचे आहे. म्हणून ‘आणणे’ हे क्रियापद पत्रक लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणातून आलेले नाही. जेथे चढता येत नाही तेथे आणावेच लागते. भाषा येथे व्यवस्थेशी प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच आमचा विरोध शब्दापाशी थांबत नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे असे पुण्याच्या वाचकाने तरी म्हणू नये. इंडियन सुपर लीगही सुरुवातीला तशीच बंदिस्त होती. २०१४ मध्ये तिच्यात पुण्याचा संघ होता. २०१९ मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा आला. २०२५ मध्ये तो दिल्लीस हलला. बालेवाडीत नारंगी-जांभळे सदरे घालून बसणाऱ्यांना ह्या प्रवासात कोणी काही विचारले नाही. त्याच काळात कोल्हापुरात तालमींचे आणि पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर ईर्ष्येने खेळत राहिले. ते गरीब आहेत, त्यांच्यात भांडणे आहेत, आणि पेठेबाहेर त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. पण पाटाकडील तालीम उद्या दुसऱ्या शहरात जाईल, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही.

मग आम्हांस हवे तरी काय? कॅनडातील मध्यम शहरांनी फुटबॉल सोडून द्यावा? मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की सार्वजनिक पैशाने संघ विकत घेऊ नये, मैदान राखावे. संघ हा पाहुणा आहे, त्याचे स्वागत मनापासून करावे, पण घर त्याच्या नावे करू नये. मैदान शहराच्या मालकीचे असावे, शहराला साजेशा आकाराचे असावे, आणि संघ निघून गेला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे मुलांना खेळता यावे. कोणतीही चालती गोष्ट कागदावरच्या संघासाठी आधी बंद करू नये. आणि जेथे शहराचा पैसा लागतो तेथे चाहत्यांना संघाच्या कारभारात मत असावे, निदान नाव, जागा आणि अस्तित्व ह्या तीन बाबतींत.

ह्या मागणीत स्वप्नाळूपणा किती आहे हे तपासायचे असेल तर पुन्हा हॅलिफॅक्सच्या त्या गायरानाकडे पाहावे. २०२५ मध्ये महिलांची नवी लीग सुरू झाली तेव्हा हॅलिफॅक्सच्या ‘टाइड्स’ ह्या संघाला खेळायला जागा शोधत फिरावे लागले नाही. वाँडरर्सचे मैदान तेथे होतेच. एका संघासाठी जी जागा नीट केली ती दुसऱ्याच्या उपयोगी पडली, कारण ती मुळात एकाही संघाची नव्हती.

शेवटी आमच्यासारख्या वाचणाऱ्या-शिकवणाऱ्यांविषयी. आपल्यात एक जुनी समजूत आहे की खेळाची आवड ही बुद्धीची रजा असते. ह्या समजुतीमुळे मैदानांविषयी बोलण्याचे काम आपण जाहिरातवाल्यांवर सोपवले, आणि त्यांनी ते चोख केले. पुढच्या वेळी असे एखादे पत्रक हाती आले, मग ते सॅस्कटूनचे असो की सोलापूरचे, तर ते वर्गात न्यावे. विद्यार्थ्यांना चार प्रश्न द्यावेत : ह्या वाक्यांचा कर्ता कोण आहे? भविष्यकाळात काय आहे आणि वर्तमानकाळात काय आहे? ‘आपण’ ह्या सर्वनामात नेमके कोण येते? आणि संघ गेल्यावर जमीन कोणाची? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पत्रकातच मिळतील. चौथ्याचे मिळणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांना नगरपरिषदेत जाऊन करार मागावा लागेल, आणि तो मागावयास त्यांच्याबरोबर शिक्षकांनीही जावे.